दोनशे सतरावी बोली

देशपांडे नगर, हुबळी
९ जून १९९९

ती. अण्णा,

काल तू गिरणीच्या आवारातून चहासुद्धा न घेता निघून गेलास. मी मागून हाक मारली, ती लॉरीच्या आवाजात तुला ऐकू आली नसेल असं धरून चालते. संध्याकाळी फोन केला तर हेमावहिनींनी उचलला, "झोपलेत" म्हणाल्या. साडेसहाला तू कधी झोपल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून पत्र.

तू माझ्यावर चिडला असशील. मला वाटतं त्यात तुझी चूक नाही, पण माझीही नाही, हे तुला समजावं.

आमच्या लग्नानंतर गुरुराज या तेलगिरणीत वाहतूक खात्यात लागल्यापासून तूच म्हणत होतास की मार्ग वाटताना वशिला चालतो. साहेबांच्या मर्जीतल्या चार गाडीवाल्यांना गदग, सवणूर मिळतं आणि बाकीच्यांच्या नशिबी कलघटगीचे खड्डे. म्हणून तर बोल्या मागवून मार्ग वाटण्याचं हे काम मी अंगावर घेतलं. कॉलेजात परदेशी निबंध वाचताना मला जोड-बोलीची पद्धत सापडली होती. एकेका मार्गावर वेगळी बोली लावायची नाही, "हे तीन मार्ग मिळून मिळाले तर इतक्यात करीन, सुटे नकोत" असं सांगायचं. तेलाचे डबे घेऊन गेलेली गाडी शेंगा नाहीतर सरकी भरून परत आली तरच गाडीवाल्याला परवडतं, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तुला ही पद्धत सांगितली तेव्हा जेवता जेवता तू पाटावरून उठलास आणि उष्ट्या हातानं फरशीवर मार्गांचा नकाशा काढलास. आई ओरडली होती.

एकतीस गाडीवाले, चव्वेचाळीस मार्ग, सहाशे बारा बोल्या. प्रत्येक मार्ग एकालाच जायला हवा आणि गिरणीचा एकूण खर्च कमीत कमी व्हायला हवा. हे माणसाच्या डोक्याचं काम नाही, म्हणून कॉम्प्युटर. बोल्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. नावांची यादी गुरुराजच्या कपाटात कुलपात होती. कुठली बोली कुणाची हे मला माहीत नव्हतं. मी तुझी बहीण आहे म्हणून तर ही खबरदारी घेतली होती.

यंत्रानं जे दिलं ते मी वाचलं. त्यात तुझा एकही मार्ग नव्हता.

अप्पा बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. लेकीचा प्रोग्रॅम बघायला म्हणून ते धारवाडहून मुद्दाम आले होते, आनंदात होते. "मी सांगत होतो ते आता यंत्रसुद्धा म्हणतंय. अख्ख्या धारवाडाला गणित शिकवलं, घरातल्या एकाच्या डोक्यात शिरलं नाही." असं तीस माणसांसमोर म्हणायला नको होतं. मी त्यांना घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, मी काय खोटं बोललो?

तीन वर्षांनी पुन्हा बोल्या निघतील. तोवर बाजारात दुसरी कामं आहेतच. रविवारी जेवायला ये.

तुझी,
श्यामला


हुबळी
२ सप्टेंबर १९९९

ती. अण्णा,

वहिनींच्या फोनवरून कळलं की तू दोन लॉऱ्या विकल्यास आणि उरलेल्या दोन घेऊन होस्पेटला गेलास. स्वतः चालवतोस म्हणे. मला हे शेजारच्यांसारखं तिसऱ्याकडून कळावं? पत्ताही वहिनींकडून मागून घेतला. त्या देताना जरा थांबल्या.

कालपासून मनात एकच आहे, तुला यंत्राचं काम नीट समजावून सांगावं. तुला वाटत असेल की बटण दाबलं की उत्तर येतं. तसं नाही.

समज, पहिल्या बोलीपाशी उभे आहोत. दोन वाटा आहेत, बोली घ्यायची किंवा सोडायची. घेतली तर तिच्यातल्या मार्गांना हात लावणाऱ्या बाकी सगळ्या बोल्या बाद. मग दुसऱ्या बोलीपाशी पुन्हा दोन वाटा, तिसरीपाशी पुन्हा. सहाशे बारा बोल्यांच्या वाटा मोजायला बसलं तर आपला जन्म पुरायचा नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक युक्ती असते. जवळ एक बरं उत्तर असतं. एखाद्या वाटेवर थोडं चालल्यावरच दिसलं की इथून पुढे काहीही केलं तरी जवळच्या उत्तरापेक्षा स्वस्त होणं शक्य नाही, तर ती वाट तिथंच बंद करायची. अशा लाखो वाटा न चालताच बंद होतात. तरी कधीकधी वेळ फार लागतो. किती लागेल हे आधी कुणीही सांगू शकत नाही. जगात कुणालाच सांगता येत नाही, माझंच अज्ञान आहे असं नाही.

त्या दिवशी तीन तास लागले. म्हणजे तीन तासांनी थांबवलं. तशी अट छापील शर्तींमध्येच होती, तुझ्याकडे प्रत असेल तर बघ.

होस्पेटला धूळ फार असते म्हणतात. तोंडाला रुमाल बांधत जा. आईनं मेतकूट दिलं आहे, कुणी येणारं भेटलं की पाठवते.

श्यामला


हुबळी
१६ जानेवारी २०००

ती. अण्णा,

संक्रांतीला तू येशील असं आईला वाटलं होतं. तिनं तुझ्यासाठी वेगळा डबा भरून ठेवला आहे.

इकडे विशेष काही नाही. गुरुराजला बढती मिळाली, आता वाहतुकीचं अख्खं खातं त्याच्याकडे आहे. गिरणीचा खर्च उतरला म्हणून साहेब खूश आहेत. आमच्या प्राचार्यांनी माझं भाषण ठेवलं होतं, पेपरात दोन ओळी आल्या. नाताळच्या सुट्टीत कॉलेजातलं एक यंत्र मी कामाला लावून ठेवलं होतं. अकरा दिवस चालू होतं. बाकी काही नाही.

तुला एक विचारायचं होतं, पण पत्रात नको.

तुझी प्रकृती कशी आहे? एखादं कार्ड टाक. नुसतं "ठीक" लिहिलंस तरी चालेल.

श्यामला


हुबळी
११ जून २००२

अण्णा,

काल दुसऱ्यांदा बोल्या उघडल्या. आठ दिवस आधीपासून मी गुरुराजला रोज विचारत होते, होस्पेटहून पाकीट आलं का? शेवटच्या दिवशी तो वैतागला. "नाही आलं. आणि येणारही नाही. किती वेळा विचारशील?"

तीन वर्षांत मी प्रोग्रॅम पुष्कळ सुधारला आहे. ज्या मार्गाला गिऱ्हाईक कमी तो आधी हातात घेतला की वाटा पटापट बंद होतात, ही अक्कल मला उशिरा आली. काल चाळीस मिनिटांत काम संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवार सोडून पळावंसं वाटत होतं.

आता लिहिते. मागच्या पत्रांमध्ये मी तुझ्याशी खोटं बोलले.

पडद्यावर दोन आकडे दिसत असतात. वरचा आकडा म्हणजे जवळचं सगळ्यात स्वस्त उत्तर. खालचा आकडा म्हणजे "याहून स्वस्त होणं अशक्य" अशी मर्यादा. दोन्ही एकमेकांना भिडले की शोध संपला, उत्तर पक्कं. त्या दिवशी तीन तास झाले तेव्हा ते भिडले नव्हते. मध्ये चांगलं अंतर होतं. म्हणजे याहून चांगलं उत्तर असण्याची शक्यता होती, आणि ते अंतर मला समोर दिसत होतं.

शर्तींमध्ये तीन तास लिहिले होते हे खरं. पुढचं वाक्य मी तुला लिहिलं नाही. "प्रोग्रॅम चालवणाऱ्याने मागितल्यास चोवीस तासांपर्यंत मुदत वाढवता येईल." ते वाक्य मीच घातलं होतं, अशाच वेळेसाठी. नुसतं मागायचं होतं.

मी मागितलं नाही. कारण माझं दुसरं खोटं: बोली कुणाची ते मला माहीत नव्हतं, असं मी तुला लिहिलं होतं. नावं पाहिली नव्हती, पण तुझी बोली मी ओळखली होती. दोनशे सतरावी. अळणावर, हल्याळ, दांडेली आणि नवलगुंद. जंगलाकडचे तीन मार्ग आणि एकदम उलट दिशेचा काळ्या मातीतला नवलगुंद! अशी मोट कोण बांधणार? तूच फरशीवर नकाशा काढून सांगितलं होतंस की पश्चिमेचा माल सोमवार ते बुधवार असतो आणि नवलगुंदचा बाजार नंतर, त्याच गाड्या दोन्हीकडे फिरतील. तू हे गाडीवाल्यांत बोलून दाखवलंस तेव्हा लोक तुला हसले होते. "दांडेली कुठं, नवलगुंद कुठं!"

शेवटच्या अर्ध्या तासात यंत्र दोनशे सतरावी बोली घेतलेल्या वाटांवरच फिरत होतं. मला दिसत होतं. घड्याळात पावणेदोन झाले. बाहेर माणसं ताटकळली होती, साहेब दोनदा डोकावून गेले. मी तोंड उघडून म्हणाले असते की आणखी वेळ द्या, आणि त्यानंतर तुझं नाव निघालं असतं, तर काय झालं असतं? प्रत्येकजण म्हणाला असता, बाईनं भावाची बोली लागेपर्यंत यंत्र चालवलं. गुरुराजची नोकरी गेली असती. मला माझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं, अण्णा. दुसऱ्या कुणाची बोली असती तर मी नक्की वेळ मागितला असता. हे मी स्वतःशी हजार वेळा ताडून पाहिलं आहे.

साहेबांनी विचारलं, "इदे फायनल अल्ला, मॅडम?" हेच फायनल ना? मी म्हणाले, "हौदु." हो. कानडीत एका शब्दात खोटं बोलता येतं.

सहा महिने मला झोप नव्हती. नाताळच्या सुट्टीत कॉलेजच्या यंत्रावर त्याच बोल्या घालून शोध शेवटपर्यंत जाऊ दिला. अकरा दिवस लागले. पण चांगलं उत्तर सापडायला अकरा दिवस लागले नाहीत. ते पहिल्याच दिवशी साडेपाच तासांनी सापडलं. उरलेले दिवस याहून चांगलं काही नाही हे पक्कं करण्यात गेले. म्हणजे त्या दिवशी आणखी अडीच तास हवे होते.

दोनशे सतरावी बोली त्यात होती.

मी तो कागद गुरुराजला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "आता कुणाला सांगणार? करारांवर सह्या झाल्या, गाड्या धावतायत. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, भावासाठी नवीन उत्तर शोधून आणलं. खरं बोललीस तरी खोटी ठरशील." मी म्हणाले, निदान अण्णाला सांगू दे. तो म्हणाला, "जयतीर्थ गप्प बसेल? आपल्याला मुलगी आहे, श्यामला. साकु, बिडु." म्हणजे पुरे, सोड आता. तो वाईट माणूस नाही. तो म्हणतो त्यातली एकही गोष्ट मला खोडता येत नाही, आणि म्हणून मी त्या घरात, त्या गिरणीत, त्या यंत्रापुढे बसून आहे. जी वाट घेते तिथं पुढे कुणाचं तरी वाटोळं दिसतं आणि मी मागे फिरते.

दर वेळी तिथं माझाच सत्कार होतो. कालही शाल दिली.

श्यामला


हुबळी
२२ मे २००५

अण्णा,

सोबतचं पत्र तीन वर्षांपूर्वीचं आहे. लिहिलं आणि धाडलं नाही. पाकिटावर तिकीट लावून ते माझ्या कपाटात पडून होतं. आधी ते वाच, मग हे.

परवा धारवाडला मावशीच्या नातवाच्या मुंजीत हेमावहिनी भेटल्या. तू आला नव्हतास. पंगत उठल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. मी म्हणाले, "वहिनी, अण्णा अजून माझ्यावर रागावलेत ना? सहा वर्षांत एक ओळ नाही."

त्या म्हणाल्या, "तुमच्यावर? तुमच्यावर कशाला रागावतील?"

"मग पत्रांना उत्तर का देत नाहीत?"

"काय तोंडानं देणार म्हणतात. श्यामलानं एवढं सगळं स्वच्छ केलं, वशिला काढून टाकला, आणि तिथंही मी नापास झालो, म्हणतात. तुमची पत्रं सगळी ठेवलीत. ते वाटा बंद करण्याचं पत्र तर मला वाचून दाखवलं. म्हणाले, बघ, माझी वाट यंत्रानं न चालताच बंद केली असेल, इतकी ती चुकीची होती."

अण्णा, मला तिथं अंगणात बसवेना.

मग त्यांनी सांगितलं की होस्पेटला तू कधी भाव करत नाहीस. खाणीवाला जो दर सांगेल तो घेतोस. दोन गाड्यांच्या फेऱ्या कशा जुळवायच्या हेसुद्धा दुसऱ्या एका मालकाला विचारून ठरवतोस, आणि तो तुला उन्हातल्या लांबच्या फेऱ्या देतो. साकेत एकदा म्हणाला, बाबा, हा मार्ग आणि तो मार्ग जोडला तर? तर तू मुलाला म्हणालास, "तसलं डोकं चालवू नकोस. आपल्या घराण्यात ते तुझ्या आत्याला दिलंय देवानं, मला नाही." वहिनी सांगत होत्या आणि त्यांना रडू येत नव्हतं, मलाच येत होतं. त्या म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा हा माणूस झोपेत मार्ग जोडायचा."

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलास. सहा वर्षं मी तुझ्या रागाला भीत होते. एका परीनं तो राग मला बराच वाटत होता, कारण मी तो ओढवून घेतला होता. पण तू माझ्यावर कधी रागावलाच नव्हतास. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मी म्हणाले फायनल, आणि तू ते मान्य केलंस.

तुझं गणित चुकलं नव्हतं. अण्णा, एकतीस गाडीवाल्यांमध्ये तुझी जोड सगळ्यात हुशारीची होती. चुकलं ते माझं.

हे नुसतं पत्रात सांगून भागणार नाही. तुला चारचौघांत हरवलं होतं. दहा जूनला तिसऱ्यांदा बोल्या उघडणार आहेत. तेच आवार, बहुतेक तीच माणसं. तिथं मी बोलणार आहे. गुरुराजला काल सांगितलं. तो जेवला नाही. म्हणाला, "आपल्या सावनीची बारावी आहे यंदा." मी म्हणाले, माहीत आहे.

श्यामला


हुबळी
१२ जून २००५

अण्णा,

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

यंदाच्या बोल्यांचा निकाल अर्ध्या तासात लागला. मी यादी वाचली. साहेब शाल घेऊन उठले तेव्हा मी म्हणाले, थांबा, मला सहा वर्षांपूर्वीच्या निकालाबद्दल बोलायचं आहे. मग सगळं सांगितलं. कानडीत सांगितलं, कारण तेव्हा खोटं कानडीत बोलले होते. दोन आकडे, न मागितलेली मुदत, अडीच तास. दोनशे सतरावी बोली कुणाची होती तेही. कागद हातात होता तो वर धरला. शेवटी म्हणाले, "अवर लेक्का बरोब्बरि इत्तु." त्यांचा हिशेब बरोबर होता.

मी सहा वर्षं या क्षणाला भीत होते. वाटलं होतं आता लोक उठतील, ओरडतील, माझा कागद फाडतील. अण्णा, कुणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतले दोघे आपापल्या यादीतच बघत होते. नव्या माणसांना तर मी कशाबद्दल बोलते तेच कळलं नाही. साहेब थोडे गोंधळले, मग म्हणाले, "मॅडम, तीन तासांची शर्त होती, शर्तीप्रमाणे झालं. गिरणीच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. मुदत संपून गेलेले करार ते." आणि मला शाल दिली. मी ती घेतली नाही, तेवढाच काय तो फरक.

गुरुराजचं काय होईल म्हणून मी सहा वर्षं तोंड मिटून होते. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी तो घरी आला आणि खुर्चीत बसून राहिला. मी चहा दिला. तो म्हणाला, "एवढंच होतं?" मी म्हणाले, हो. "एवढंच होणार होतं तर..." एवढं बोलून त्यानं कप खाली ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "जयतीर्थला सांगू नकोस म्हणून मी तुला थांबवलं. तसं लिही त्याला, मीच थांबवलं म्हणून." मी म्हणाले, मला थांबायचं होतं, म्हणून मी थांबले.

एकजण मात्र उठून आले होते. गदग मार्गाचे कुसुगलचे म्हातारे गाडीवाले, नव्व्याण्णव साली तुला सगळ्यात जास्त हसले होते ते. बाहेर झाडाखाली मला गाठून म्हणाले, "बाई, तो दांडेली आणि नवलगुंद जोडत होता तो मुलगा? आता मी दोन वर्षं तेच करतोय. त्याला कुठं पत्र टाकायचं?" मी तुझा पत्ता दिला आहे. चालेल ना?

आजपासून मी गिरणीचं काम सोडलं. प्रोग्रॅम त्यांच्याकडे आहे, तो माझ्याशिवाय चालतो.

काल धारवाडला जाऊन कागद अप्पांपुढे ठेवला. त्यांना आता कमी दिसतं. भिंग घेऊन त्यांनी दुपारभर तपासलं. कुठले मार्ग दोनदा गेले आहेत का, कुठला सुटला आहे का, पेन्सिलीनं एकेकावर खूण करत गेले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. मग भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"साडेपाच वर्षं."

"आणि मी येईल त्याला सांगत होतो, पोराचं गणित कच्चं." रात्री जेवायला उठले नाहीत.

पत्र मिळाल्याचं कळव. मे महिन्यातलं पाकीट तुला मिळालं की नाही हेही मला माहीत नाही.

श्यामला


धारवाड
३ जुलै २००५

अण्णा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी इथं आईकडेच होते. सहा वर्षांनी तुझा आवाज. मी ओळखला नाही, हे तुला सांगायला हवं. मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

तू नमस्कार न करता विचारलंस, "माझा दर जास्त नव्हता? नवलगुंदचा?"

मी म्हणाले, नव्हता.

"आणि दांडेलीचा? मला नंतर वाटायचं दांडेलीला मी चढा लावला."

"नाही अण्णा. चारही मिळून तुझीच बोली सगळ्यात बरी होती."

मग तू फोन बाजूला धरून ओरडलास, "हेमा, ए हेमा, इकडे ये, ऐक ही काय म्हणते ते!" वहिनींच्या पावलांचा आवाज आला. मला वाटलं आता सगळं ठीक होईल. मी हसलेसुद्धा असेन.

तेवढ्यात तुझा आवाज बदलला. तू म्हणालास, "सहा वर्षं, श्यामला. मी माझ्या पोराला डोकं चालवू नको म्हणून सांगितलं. तुला माहीत होतं. तुझ्या कपाटात कागद होता." मी काहीतरी म्हणायला गेले तर, "गप्प बस, आता मी बोलतो." आणि मग तू जे बोललास ते मी इथं लिहीत नाही, तुलाही आठवत असेल. लहानपणीसुद्धा तू मला असं कधी बोलला नव्हतास. अप्पांबद्दल बोललास, गुरुराजबद्दल बोललास. मी किती शुद्ध राहिले आणि कुणाच्या जिवावर, तेही. त्यातला एक शब्दही मला चुकीचा वाटला नाही. शेवटी तू फोन आपटलास.

मी तिथंच उभी होते. आई स्वयंपाकघरातून आली. "काय म्हणाला?"

मी सांगितलं, फार रागावलाय.

आई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कुणावर?"

"माझ्यावर. अप्पांवर."

"स्वतःवर नाही ना?"

मी म्हणाले, नाही.

"मग रागावू दे," ती म्हणाली. आणि आत जाऊन तिनं फोडणी टाकली.

आज सकाळी वहिनींचा फोन होता. तू पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येतो आहेस, साकेतही बरोबर आहे, आणि तो कागद तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आहे असं कळलं. कागद अप्पांच्या टेबलावर ठेवला आहे, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. अप्पा बाहेरच्या खोलीत बसतील. त्यांना तुझ्याशी काही बोलायचं आहे, पण त्यांना बोलायला वेळ लागेल. तू आधी बोललास तरी चालेल.

मी त्या दिवशी रजा काढली आहे. दिवसभर इथंच आहे. काल फोनवर राहिलं असेल तेही बोल. मी मध्ये बोलणार नाही, आणि उठून जाणार नाही.

श्यामला